विमानाला लावलेलं लोहचुंबक

चहा आधी संपवून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला, आणि समोर माझा त्याच दिवशी धुतलेला पांढरा सदरा होता. संपला? मग ऐका. माणूस आपल्याच हातानं आपली किती शोभा करून घेऊ शकतो, त्याचा हा नमुना. नमुना म्हणजे अर्थातच मी.

तर मी शांतवन मास्तर. सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. पण पंचक्रोशीत मला विज्ञानासाठी कुणी ओळखत नाही. ओळखतात ते जुन्या गाड्यांसाठी! कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, टेम्पो घ्यायचाय, जीप घ्यायचीय, की माणूस दारात हजर. "मास्तर, तेवढं बघायला चला की." मी आढेवेढे घेतो. म्हणजे घेतल्यासारखं करतो. तोवर एक पाय चपलेत गेलेला असतो.

माझं हत्यार एकच. आमच्या चर्चचा जुना भोंगा एका नाताळात कॅरल वाजता वाजता कायमचा बसला. त्याच्या पोटातलं लोहचुंबक मी काढून घेतलं आणि त्याला लाल दोरा बांधला. आता गंमत बघा. जुनी गाडी कुठं आपटलेली असेल तर लोक पत्रा ठोकतात, खड्ड्यात पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. दिसायला नवी नवरी! पण लोहचुंबक फसत नाही. पत्र्याला टक्कन चिकटतं आणि पुट्टीवरून घसरून पडतं. ते पडलं की मी नुसता विकणाऱ्याकडे बघतो. बोलत काहीच नाही. पुढचं तो स्वतःच बोलतो.

आमच्या पाद्रीसाहेबांची स्कूटरसुद्धा मी सोडलेली नाही. त्यांनीही शेवटी कबूल केलं.

आयुष्यात एकच गाडी मी लोहचुंबक न लावता घेतली. आमची जीप. ती माझ्या मेव्हण्याची, राहुरीच्या सुधीरची. आता बायकोच्या सख्ख्या भावाच्या गाडीला बायकोच्या देखत लोहचुंबक लावायचं? मला संसार करायचा होता हो! आणि सुधीर म्हणजे लाख माणूस. जीप दिल्यापासून मला इतका मान देतो की विचारू नका. दर नाताळाला न चुकता गावठी कोंबडा पाठवतो. ज्ञानाची कदर आहे त्याला, दुसरं काय!

तर आता मूळ गोष्ट. आमची एस्तेर वैमानिक आहे. हो, बरोबर ऐकलंत, विमान चालवते. ती शिकायला गेली तेव्हा मी छाती फुगवून गावभर सांगत फिरलो. आणि ती पहिल्यांदा एकटी वर गेली त्या दिवशी दार लावून घरात बसलो. लोकांना सांगितलं, पोट बिघडलंय.

एस्तेर आणि तिची एक मैत्रीण, दोघींना मिळून एक जुनं दोन सीटचं विमान घ्यायचं होतं. हौशी लोकांना उडायला शिकवायचं, असा बेत. दोघींनी साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं. विमान होतं पुण्याच्या एका कॅप्टनसाहेबांचं. एस्तेरला शिकवणाऱ्यांपैकीच ते एक.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, उद्या विसाराचे पैसे द्यायचेत. आणि सरांबरोबर एक चक्कर मारून बघणार आहे."

"तपासलंस का?"

"इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार आहे. पण सरांकडे दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, म्हणून विसार आधी. आणि सरांचं विमान आहे, पप्पा. सर कशाला फसवतील मला?"

मी हसलो. कसा हसलो? वर्गात कुणी पृथ्वी सपाट आहे म्हणालं की हसायचो, तसा.

"एस्तेर, एक लक्षात ठेव. ओळखीचा माणूस असला की लोहचुंबक दोनदा लावायचं. अनोळखी माणूस फसवताना थोडा घाबरतो तरी!"

आमची मंडळी, म्हणजे करुणा, भाकरी थापत होती. तिचा हात मध्येच थांबला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मग पुन्हा थापायला लागली. मला वाटलं, बाई भारावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जीपमध्ये बसलो. करुणाची प्रार्थना झाल्याशिवाय आमची जीप निघत नाही. त्या दिवशी तर पोरगी विमानात बसणार होती, त्यामुळे प्रार्थना इतकी लांबली की मी मध्येच जीप चालू केली. "आमेन तरी म्हनू द्या!" असं तिनं डोळे मिटूनच खडसावलं.

नगरच्या पुढं एका माळावर खाजगी धावपट्टी आहे. कडेला ज्वारी, पलीकडे मेंढरं आणि मधे पत्र्याची शेड. शेडसमोर विमान उभं होतं. पांढरंशुभ्र, अंगावर निळा पट्टा, नुसतं चकाकत होतं. आणि त्याच्या शेजारी कॅप्टनसाहेब. काळा चष्मा, पांढऱ्या मिशा, तेही चकाकत होते.

"एवढंसंच?" करुणा म्हणाली. "आवं, आपल्या जीपपरीस बी बारकं हाय की!"

मी कामाला लागलो. आधी चाकाला एक लाथ घातली. एस्तेर "पप्पा!" म्हणून ओरडली. मग इंजिनावर हात ठेवला. हा आमच्या धंद्यातला नियम आहे. इंजिन गरम लागलं तर समजायचं, गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलंय, गार असलं की चालू होत नसणार. आणि काय सांगू, गरम!

मी कमरेवर हात ठेवले. "कॅप्टनसाहेब, इंजिन गरम आहे."

"हो ना. आत्ताच आलो मी."

"कशानं आलात?"

"याच्यानंच. पुण्याहून."

मी खोकलो आणि सरळ खिशातून लोहचुंबक काढलं.

लाल दोरा बोटाला गुंडाळला आणि नाकावरच्या पंख्याच्या मागच्या भागाला लावलं. पडलं! मी कॅप्टनसाहेबांकडे नुसतं बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण ते पुढं काही बोलेनात. निर्ढावलेला माणूस आहे, मी मनात म्हटलं.

दाराला लावलं. पडलं. डाव्या पंखाला लावलं. पडलं. उजव्या पंखाला वरून, खालून, कडेनं. पडलं, पडलं, पडलं! मला दरदरून घाम फुटला. अहो, आजवर मी दार पुट्टीचं बघितलं होतं, मडगार्ड पुट्टीचं बघितलं होतं. पण आख्खं वाहन पुट्टीचं? आणि यात माझी पोरगी वर जाणार?

मी एस्तेरला बाजूला ओढलं. "विसार देऊ नकोस. हे विमान नाही."

"मग काय आहे?"

"पुट्टी आहे! शेंड्यापासून बुडख्यापर्यंत नुसती पुट्टी!"

हे मी तिच्या कानात सांगितलं असं मला वाटत होतं. पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायची सवय असलेला आवाज तो. पलीकडची मेंढरंसुद्धा मान वर करून बघायला लागली.

कॅप्टनसाहेब जवळ आले. "काय झालं, मास्तर?"

मग मात्र मी आवरलं नाही. "कॅप्टनसाहेब, आम्ही खेड्यातली माणसं असू, पण आंधळी नाही! हे विमान कुठंतरी डोंगराला धडकलेलं आहे. त्याचा चुराडा झालेला आहे. आणि तुम्ही तो चुराडा पुट्टीनं जोडून, वर रंग मारून, तुमच्याच विद्यार्थिनीच्या गळ्यात मारताय! कंपनीचा हातभर तरी पत्रा शिल्लक आहे का याच्यात? दाखवा! माझं लोहचुंबक एका तरी जागी चिकटवून दाखवा!"

असं भाषण मी निरोप समारंभातसुद्धा ठोकलं नव्हतं. शेवटी हात वर गेला होता.

कॅप्टनसाहेबांनी काळा चष्मा काढला. आणि ते हसायला लागले. असे हसले की पंखाला धरून उभं राहावं लागलं. मी एस्तेरकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

एवढ्यात करुणा पुढं झाली. तिनं विमानाच्या पोटावर बोटानं टकटक केलं. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. तिनं एकदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आवं, हे तर जर्मन हाय! जर्मनच्या पातेल्याला कुठं लोहचुंबक चिकटतं व्हय?"

माझा हात अजून वरच होता.

"पप्पा," एस्तेर हळूच म्हणाली, "सहावीचा धडा. चुंबकीय आणि अचुंबकीय पदार्थ."

आणि तो धडा तिला कुणी शिकवला होता? मी! वर्षानुवर्षं मीच शिकवला होता! लोखंड चिकटतं, ॲल्युमिनियम चिकटत नाही, हे पोरांकडून घोकून घेतलं होतं. न सांगता आलं तर बाकावर उभं केलं होतं.

"माझंच पातेलं न्यायचे की शाळंत, धडा शिकवायला!" करुणा कॅप्टनसाहेबांना सांगायला लागली. "दर साली न्यायचं आन पोचा पाडून आनायचं!"

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं कुठं तोंड लपवावं? माळावर तर झाडसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत होतं, मी तुमची परीक्षा घेत होतो." पण ते माझं मलाच ऐकवलं नाही.

कॅप्टनसाहेबांनी डोळे पुसले. "मास्तर, दिवस छान केलात. चल एस्तेर, एक चक्कर मारून येऊ. मग बाकीचं बोलू." ते जाऊन आत बसले.

मी तोंड लपवायला विमानाच्या शेपटीकडे गेलो. सावलीसारखं तेवढंच काय ते होतं. लोहचुंबक माझ्या हातातून लाल दोऱ्यावर लोंबकळत होतं. मी खाली वाकलो, दोरा जरा हलला, आणि शेपटीच्या खालून आवाज आला.

टक्!

चिकटलं होतं.

आता विज्ञानाच्या मास्तराच्या मनात काय यायला हवं? 'अरे, ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटलंच कसं?' असंच ना? नाही आलं! खरं सांगतो, नाही आलं. मनात एवढंच आलं की हे काढताना कुणी बघितलं तर लोक पुन्हा हसतील. म्हणून मी शीळ घालत, आकाशाकडे बघत, हळूच दोरा ओढला. निघेना. जरा जोरात ओढला. दोराच तुटून हातात आला आणि लोहचुंबक तिथंच राहिलं.

तिकडे एस्तेरनं आत चढायला पायरीवर पाय ठेवला होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विमान माझं लोहचुंबक घेऊन वर चाललंय! चर्चच्या भोंग्यातलं! तसलं आता कुठं मिळतं?

"थांबा!" मी दोन्ही हात हलवत धावत सुटलो. "थांबा! माझं लोहचुंबक! लोहचुंबक राहिलं!"

"मास्तर, आता पुरे हं," कॅप्टनसाहेब आतून म्हणाले.

"आवं, किती शोभा कराल?" करुणानं डोक्याला हात लावला.

एस्तेर मात्र पायरीवरच थांबली. "राहिलं म्हणजे? कुठं राहिलं, पप्पा?"

"शेपटीखाली. मी मुद्दाम नाही लावलं हं! आपलं आपण चिकटलं. ओढलं तरी निघत नाही."

तिचा चेहराच बदलला. ती खाली उतरली, शेपटीखाली गेली आणि सरळ गवतात उताणी झोपली. लोहचुंबक उपटून काढलं. त्या जागेवर बोट फिरवलं. मग किल्लीनं कड जरा खरवडली. रंग निघाला आणि त्याच्या खालून भुगा पडायला लागला.

"हे काय आहे, पप्पा?"

मी भुगा चिमटीत घेतला. यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. "पुट्टी," मी म्हटलं.

पुट्टी फक्त कडेच्या सांध्यात होती, मधे नुसत्या रंगाखाली पत्रा निघाला. साधा लोखंडी पत्रा, कूलरला असतो तसला. कडेनं स्क्रूनं आवळलेला. शेजारी एक छोटं झाकण होतं. एस्तेरनं ते उघडलं, मोबाईलचा टॉर्च लावून आत बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग मलाही दाखवलं. आतला सांगाडा वाकलेला होता आणि हातोडीनं ठोकून सरळ केलेला होता. सरळ म्हणजे, आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली सरळ करतात तसा. आणि त्या वाकड्या पत्र्याला घासून घासून एका तारेचे पदर सुटायला लागले होते.

"ही तार कसली?" मी विचारलं.

"हिच्यावरच विमान वर-खाली होतं, पप्पा."

कॅप्टनसाहेब तोवर उतरून आले होते. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "मला याची काहीच कल्पना नव्हती," ते म्हणाले. आणि एक श्वास घेऊन पुढं म्हणाले, "तसं उतरताना शेपूट फार जोरात टेकलंही नव्हतं."

दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली. एस्तेर उठून उभी राहिली. केसात गवत अडकलं होतं.

"सर, तुम्ही मला यात वर नेणार होता."

"अगं, मी स्वतः पुण्याहून आलोच ना याच्यातून?"

तिचे डोळे भरले होते. पिशवी उचलून ती जीपकडे चालायला लागली. विसार पिशवीतच राहिला.

आणि मी? मी तिथंच गवतात बसलो. हसण्यावारी नेतोय मी हे सगळं, पण तेव्हा छातीत जे धडधडलं ते अजून आठवतं. लाजेपोटी मी ते लोहचुंबक तिथंच सोडून दिलं असतं तर? पोरगी वाचली ती माझ्या ज्ञानानं नाही हो. भोंग्यातल्या एका वस्तूचा मोह सुटला नाही म्हणून वाचली. करुणानं हात देऊन मला उठवलं.

पण माणसाची जात बघा. नगर मागं पडेपर्यंत मी गप्प होतो. शहराबाहेर आलो, वारं लागलं, आणि माझ्यातला तज्ज्ञ पुन्हा डोकं वर काढायला लागला. घोडेगावच्या अलीकडे चहाला थांबलो तोवर तर मी पार फुगलो होतो.

"मला आधीच वास आला होता," मी बशीत चहा ओतत म्हटलं. "चकाकी जरा जास्तच होती. आणि मी कालच काय सांगितलं होतं? ओळखीचा माणूस असला की..."

"लोहचुंबक दोनदा लावायचं," एस्तेर म्हणाली. धावपट्टी सोडल्यापासून पहिल्यांदा ती नीट बोलत होती. "सरांना मी फार मानत होते, पप्पा."

"तिथंच माणूस फसतो, बेटा."

ती कप हातात धरून आमच्या जीपकडे बघत बसली. मग म्हणाली, "आपल्या जीपला किती वेळा लावलं होतं?"

"जीपला? अगं, ती तर सुधीरमामाची!"

"म्हणजे ओळखीच्या माणसाची."

करुणानं कप तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही.

एस्तेर उठली. लोहचुंबक तिच्याच पिशवीत होतं. तिनं ते जीपच्या डाव्या दाराला लावलं. पडलं. धुळीतून उचललं, पुसलं, मडगार्डला लावलं. पडलं. बॉनेटला लावलं. घरंगळत खाली आलं आणि माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं. चहावाला भांडं खाली ठेवून बघायला लागला.

आता मी काय म्हणालो असेन? सकाळी एवढा अनुभव घेतलेला विज्ञानाचा मास्तर काय म्हणेल?

मी म्हणालो, "दार ॲल्युमिनियमचं असेल."

एस्तेर फस्सकन हसली. मघापासून रडवेली झालेली माझी पोरगी जीपला टेकून पोट धरून हसत होती. "मग पप्पा, आपल्याला विमान घ्यायची गरजच काय? आहे की घरी!"

मी करुणाकडे वळलो. तिनं शांतपणे कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"जर्मन न्हाई. पुट्टीच हाय," ती म्हणाली. "वांबोरीच्या घाटात उलटली हुती ती. चारी चाकं वर."

"तुला माहीत होतं?"

"मग! माझ्या भावाची गाडी, मला म्हाईत नसंल व्हय?"

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"मी सुधीरला म्हनले हुते, दाजींना सांग बाबा. तो म्हनला, 'आक्का, दाजी आख्ख्या तालुक्याच्या गाड्या पारखतेत. त्यान्ला कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? कळलंय त्यान्ला. पर मेव्हन्याची अब्रू झाकायची म्हनून गप ऱ्हायलेत. लई मोठ्या मनाचा मानूस!' तवापास्नं तर तुमाला एवढा मान देतो. दर नाताळाला कोंबडा काय उगंच धाडतो?"

मी बशीतला गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला. चहावाल्यानं न मागता आणखी एक कप आणून ठेवला. माणूस कनवाळू होता.

सुधीरला मी यातलं अजून काही बोललेलो नाही. यंदाच्या नाताळालाही कोंबडा आला. चांगला तुरेबाज होता. करुणानं रस्सा केला, एस्तेरनं मला मुद्दाम तंगडी वाढली, आणि मी मोठ्या मनानं, अगदी गप्प बसून, खाल्ली.